आत्याबाईंची उखाण्यांची वही

आमच्या आत्याबाईंना झाँसीतली सगळी मराठी घरं 'उखाणेवाल्या आत्याबाई' म्हणून ओळखायची. खरं नाव अनुसूया नीलकंठ पाध्ये. दिवसभर मुलींच्या शाळेत हिंदी शिकवायच्या आणि घरी आल्यावर उंबऱ्याच्या आत कुणी हिंदीचा एक शब्द काढला की चप्पल शोधायला लागायच्या. लग्न केलं नव्हतं. थोरले भाऊ-वहिनी लवकर गेले, त्यांचा मुलगा विश्वंभर आत्याबाईंनीच वाढवला. तो विश्वंभर म्हणजे आमचे हे. आणि मी चंपा, झाँसीजवळच्या मोठ गावची. माहेरी बुंदेलीशिवाय दुसरं काही बोललं जात नसे. तेव्हा मी आज ही फर्डी मराठी झाडतेय ना, त्याचं सगळं पाप आत्याबाईंच्या माथी.

आता उखाणेवाल्या म्हणजे काय, ते ऐका. आमच्याकडं हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, लग्नात, बाईनं नवऱ्याचं नाव यमक जुळवून घ्यायचं असतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण झाँसीतल्या पोरींना मराठी कळायची, बोलता यायची नाही. 'मला पण आली ती खूप हसी' असली त्यांची मराठी. त्या उखाणा कुठून आणणार? मग सगळ्या जणी आत्याबाईंच्या दारात. आत्याबाई तीनच प्रश्न विचारायच्या. नवऱ्याचं नाव काय? प्रसंग कुठला? आणि सगळ्यांदेखत पाय लटपटतात का? पाय लटपटणारीला दोन ओळींचा उखाणा मिळायचा, धीटला आठ ओळींचा. एकीला दिलेला दुसरीला कधी नाही. सगळे एका काळ्या पुठ्ठ्याच्या जाडजूड वहीत लिहिलेले, तारखेसकट.

एकदा तर कमालच झाली. एक नवरी ऐन मांडवात उखाणा विसरली. तिचा भाऊ सायकल हाणत शाळेत आला आणि खिडकीतून ओरडला, "आत्याबाई, दीदी अटक गई!" आत्याबाईंचा सातवीचा वर्ग चालू होता. त्यांनी आख्खा वर्ग उभा केला आणि उखाणा तीनदा एका सुरात म्हणवून घेतला, म्हणजे तो मुलगा रस्त्यात विसरू नये! त्याच्या मागोमाग चार पोरी वऱ्हाडात जेवून आल्या ते वेगळंच.

वैरीही होतेच. सरलाबाई आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचे यजमान दत्तात्रेयराव असे घोरायचे की गल्लीतली कुत्री उत्तर द्यायची. एका वर्षी सरलाबाईंनी अगदी आयत्या वेळी उखाणा मागितला. आत्याबाई वैतागलेल्या. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं आणि सरलाबाईंनी आधी नजरही न टाकता, चिठ्ठीवरून थेट भर सभेत म्हणायला घेतलं:

"किल्ल्याच्या बुरुजावर बसली घार,
दत्तात्रेयरावांच्या घोरण्यानं जागा झाला शेजार."

शेवटचा शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. बायका जमिनीवर लोळल्या. तेव्हापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता.

आता माझी कथा. आत्याबाईंनी मला या घरात घेतलं ते एकाच अटीवर. हे मोठच्या मंडीत गहू तोलणाऱ्या कचेरीत होते, तिथं आमचं जमलं. आत्याबाई म्हणाल्या, "जात-गोत तुझं तू बघ, विश्वंभर. पण सून चैत्रात उखाणा मराठीत घेईल." एवढंच. मी मनात म्हटलं, ह्यात काय अवघड आहे! अवघड काय ते चैत्रात कळलं.

आमच्या बुंदेलखंडात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मुळीच नाही. मी आज इतकं सहज घेतेय, ते म्हातारपणी आलेलं शहाणपण. आई म्हणायची, "नाँव लैबे सें उमर घटत." नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. माझ्या आईनं जन्मभर बाबांना 'काए, सुनो' म्हणून हाक मारली. पोस्टमन नाव विचारायचा तर ती शेजारणीकडं बोट दाखवायची, तू सांग म्हणून. आणि इथं चाळीस बायकांसमोर, तबकात अक्षता घेऊन, मोठ्यानं, यमकात नाव घ्यायचं!  आत्याबाईंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, खुळचटपणा. म्हणून सांगितलंच नाही.

पहिल्या वर्षी मी 'विश्‌' एवढं म्हटलं आणि मला उचकी लागली. ती दोन तास थांबली नाही. दुसऱ्या वर्षी नावाच्या जागी 'त्यांचं' म्हणून मोकळी झाले. तिसऱ्या वर्षी "अगं बाई, दूध उतू गेलं" म्हणत स्वयंपाकघरात पळाले. चुलीवर दूध नव्हतंच. सरलाबाईंनी आत येऊन पाहिलं ना!

मग त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं. "अनुसूये, तुझ्या घरचीच सून अडकते, मग आमच्या पोरींना कशाला छळतेस? हिंदीत घेऊ देत उखाणे. तीस साल हो गए आझादी को."

आत्याबाईंचे कान लाल झाले. त्या वही छातीशी धरून म्हणाल्या, "पुढच्या चैत्रात चंपानं मराठीत उखाणा घेतला नाही, तर ही वही तुझ्या हवाली. पुन्हा एक ओळ जुळवणार नाही. मग हिंदीत घ्या नाहीतर चिनीत घ्या!"

झालं. वर्षभर माझ्या नाकी नऊ आले. आत्याबाईंनी मुद्दाम माझ्यासाठी नवा उखाणा केला. माझी जीभ 'ळ' पाशी घसरायची म्हणून 'ळ'च कोंबले त्यात, त्यांचा हट्टच तसला!

"केळीच्या पानावर कैरीची डाळ,
गौरीच्या गळ्यात मोत्यांची माळ,
विश्वंभररावांचं नाव घेते, झाली संध्याकाळ."

मी म्हणायची डाल, माल, संध्याकाल. आत्याबाईंचं सगळं लक्ष 'ळ'वर, म्हणून नावापाशी मी नुसतं पुटपुटून पुढं सरकायची. आत्याबाई म्हणायच्या, "जीभ मागं ने. अजून मागं. परत." कणीक मळताना परत, कपडे वाळत घालताना परत. रस्त्यावरून भाजीवाली जायची, ती माझ्या माहेरकडची, तिच्याशी मी दारात दोन शब्द बुंदेलीत बोलले की आतून आवाज, "चंपे, जीभ बिघडेल!" मी चिडायची. देवाशपथ सांगते, कधीकधी वाटायचं की अडकावंच, वही जाऊ दे सरलाबाईंच्या घरी. मग संध्याकाळी ती बाई शाळेतून घामाघूम होऊन यायची, चहाच्या आधी वही उघडायची, कुणाच्या तरी पोरीसाठी 'मार्तंड'ला यमक शोधत बसायची, आणि मला भरून यायचं. त्या वहीशिवाय तिचं दुसरं होतं काय हो? मी ठरवलं, नवऱ्याचं आयुष्य घटलं तर घटू दे थोडंसं, यंदा नाव घ्यायचंच.

तो चैत्र आला. झाँसीचा चैत्र म्हणजे चार वाजतासुद्धा भिंती हाताला चटके देतात. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या, त्यांच्यावर पाणी मारून मारून हे दमले. गौर मांडली, पन्हं, आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे, कलिंगडाची कमळं. आणि पाच वाजता दारात लष्कराची जीप!

जवळच्या बबिन्याच्या लष्करी छावणीत हवालदार उत्तम म्हणून साताऱ्याचे एक गृहस्थ होते. त्यांची बायको हौसाबाई दर वर्षी आमच्याकडं यायची. उत्तमराव फौजेत रशियन शिकलेले, रणगाडे आले की त्यांच्याबरोबर येणाऱ्या रशियन लोकांचे दुभाषी. हौसाबाईंनी यंदा पाहुणी आणली होती. एका रशियन इंजिनियरची बायको, येकातेरिना. चाळिशीची, गोरीपान, उन्हानं लालबुंद झालेली, आणि हौसाबाईंनी तिला हिरवं लुगडं नेसवलेलं! एका हातानं निऱ्या धरून ती बया पायऱ्या चढली आणि दारातल्या रांगोळीला नमस्कार करून आली. बायकांनी जो गलका केला, काय सांगू! तिच्या केसांत गजरा माळायला सहा हात पुढं.

पण तिचं बोलणं कळणार कसं? उत्तमरावांना हळदीकुंकवात कसं घेणार? मग तोड निघाली. उत्तमराव ओसरीवर स्टुलावर बसले, रस्त्याकडं तोंड करून, आणि पडद्याआडून भाषांतर करू लागले. आवाज मात्र परेडचा. ती आत नाजूक आवाजात काही म्हणायची आणि बाहेरून गर्जना यायची, "बाई म्हनत्यात, डाळ लई झ्याक झालीया!" रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले.

आधी पाहुणीनं उखाणा घ्यावा असं ठरलं. उत्तमरावांनी तिला समजावलं. तिच्या नवऱ्याचं नाव पावेल. तिनं रशियन भाषेत दोन ओळी म्हटल्या. उत्तमराव बाहेरून गरजले, "पावेल भला मानूस हाय, त्येला सूप आवडतं!"

सगळ्या हसल्या. आत्याबाई मात्र मास्तरीण. त्यांनी मान हलवली. "हे शाळेत पाठ केल्यासारखं झालं. तिला विचारा, तिची आई कशी म्हणायची? आईच्या बोलीत म्हण म्हणावं."

उत्तमरावांनी विचारलं. पाहुणीनं हातातलं पन्ह्याचं भांडं खाली ठेवलं. दाराकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं. मग डोळे मिटून काहीतरी गुणगुणायला लागली. आधी इतकं हळू की हौसाबाई कान पुढं करून बसली. मग आवाज वाढला. ते गाणं वेगळंच होतं. एका ओळीतले सगळे शब्द एकाच अक्षरानं सुरू व्हायचे, आणि प्रत्येक ओळ ती दोनदा म्हणायची, दळताना आपल्या बायका म्हणतात तशी. मधे एकदा 'पावेल' आलं तेवढं आम्हाला कळलं. संपलं तेव्हा तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

आम्ही सगळ्या पडद्याकडं पाहू लागलो. पडद्याआड चिडीचूप.

"उत्तमराव!" आत्याबाई ओरडल्या. "झोप लागली का?"

"न्हाई बाई," बाहेरून केविलवाणा आवाज आला. "मला कळंना. ही रशियन न्हाईच!"

अहो, काय गोंधळ उडाला! सरलाबाईंना वाटलं, हेर आली. एकीनं गौरीपुढचा नारळ उचलून कडेवर घेतला, का ते देव जाणे. मग उत्तमरावांनी रशियनमधून विचारलं, तिनं सांगितलं, आणि तुकड्यातुकड्यानं सगळं बाहेर आलं.

लेनिनग्राडच्या पश्चिमेला समुद्राच्या काठाला काही गावं आहेत. तिथल्या लोकांना इझोरी म्हणतात, त्यांची भाषाही इझोरी. ही तिथली. तिच्या जन्माच्या थोडं आधी त्या भाषेची लिपी केली होती, शाळेत पुस्तकं आली होती. तिच्या आईजवळ एक वाचनपाठाचं पुस्तक होतं. मग दोन-चार वर्षांतच वरून हुकूम आला, बंद. पुस्तकं गोळा केली. आईनं आपलं पुस्तक चुलीत घातलं, घरात सापडलं तर नसती आफत नको म्हणून. मग लढाई. ही सहा वर्षांची असताना सगळ्या गावाला बोटीत घालून फिनलंडला नेलं. परत आले तर घरी जाऊ दिलं नाही, दूर कुठं कुठं पांगवलं. नव्या गावात मुलं चिडवायची, मास्तर रागवायचे. पुढं कागदावर लोक 'रशियन' असंच लिहू लागले. हिनंही लिहिलं. आता ते लोक सात-आठशे असतील, आणि भाषा बोलणारे त्यातले पाव-अर्धे.

"आणि तू कुणाशी बोलतेस?" आत्याबाईंनी विचारलं.

बाहेरून भाषांतर आलं, पण ह्या वेळी परेडचा आवाज नव्हता. "कुनाशीच न्हाई म्हनत्यात. आई गेल्याला सात वरसं झाली. मोठ्यानं बोलली ती आज पैल्यांदा. नुसतं आकडे मोजताना मनात येतं म्हनत्यात. पायऱ्या चढताना, टाके घालताना."

"नवऱ्याशी?"

"त्येला ठावंच न्हाई."

चाळीस बायका एकदम 'अगं बाई' म्हणाल्या. अकरा वर्षांचा संसार आणि नवऱ्याला ठाऊक नाही की बायकोला अजून एक भाषा येते! तिनं बोटं मोजून दाखवली, "यूक्स, काक्स, कोल्त, नेल्या, वीस..." पाच म्हणजे वीस ऐकून सरलाबाई म्हणाल्या, ह्यांच्याकडं बाजारहाट कसा होतो कोण जाणे.

आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. उठल्या, तिच्यासमोर मांडी घालून बसल्या, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि चक्क मराठीत तिला रागवायला लागल्या. "बोल की गं बाई! गाईशी बोल, भिंतीशी बोल, त्या पावेलचं डोकं खा. पण असं तोंडातल्या तोंडात ठेवू नकोस. आईनं दिलेलं असं गिळून टाकायचं असतं होय? कुणी चिडवलं तर चिडवू दे!" उत्तमरावांनी भाषांतर करायच्या आधीच त्या बाईला कळलं असावं, कारण ती मान डोलवत होती.

मी तबक घेऊन बाजूला उभी होते. ते शब्द माझ्या कानांत शिरले आणि तिथंच बसले. आईनं दिलेलं गिळायचं नसतं होय? अस्सं! आणि दारातली भाजीवाली?

"चल चंपे," सरलाबाई म्हणाल्या. "तुझी पाळी." त्यांची नजर वहीवर होती. वही गौरीशेजारी पाटावर ठेवलेली.

मी पाटावर बसले.  आत्याबाई माझ्यासमोर, ओठ घट्ट मिटून. मी सुरू केलं.

"केळीच्या पानावर कैरीची डाळ,"

'ळ' आला! कसा आला म्हणता, टणटणीत! मागून एकीनं टाळी वाजवली.

"गौरीच्या गळ्यात मोत्यांची माळ,"

दुसरा, तिसरा, सगळे आले! आत्याबाईंचे डोळे चमकले. मी श्वास घेतला. आता नाव. फक्त नाव. विश्वंभरराव म्हणायचं आणि संध्याकाळ करून टाकायची. तोंड उघडलं. आई समोर दिसली, पोस्टमनसमोर शेजारणीकडं बोट दाखवणारी. आणि माझं तोंड उघडंच राहिलं. कुणीतरी फिस्‌कन हसलं. सरलाबाईंचा हात वहीकडं सरकला. माझ्या अंगात कसली वीज शिरली ठाऊक नाही, मी रडवेली झाले, मग भयंकर चिडले, आणि मोठ्यानं, मोठच्या बाजारात ओरडावं तशी बोलले:

"मोंठ सें आई, झाँसी में समाई,
आत्या की डाँट रोजई खाई;
जिनकौ नाँव मोसें लओ नईं जात,
बेई मोरे घर के, बेई मोरे साँई!"

अर्थ कळायला कुणालाच अडचण नव्हती, झाँसीत कुणाला बुंदेली कळत नाही? रोज आत्याची बोलणी खाल्ली, आणि ज्यांचं नाव माझ्याच्यानं घेववत नाही तेच माझे धनी. वर मी सगळं सांगूनही टाकलं. आमच्यात नाव घेत नाहीत, आयुष्य घटतं, चार वर्षं सांगायची हिंमत झाली नाही. "नाव न घेता घेतलंय," मी म्हटलं, "आता काय करायचं ते करा!"

 ओसरीवरून उत्तमराव ती बुंदेली रशियनमध्ये सांगायला लागले. त्यांना पानाच्या टपरीवर बसून बुंदेली पाठ झाली होती.

सरलाबाईंनी वहीवर हात ठेवला. "अनुसूये, मराठीत नाही झालं."

"नाही झालं," आत्याबाई म्हणाल्या. "हरले मी. घे वही."

सरलाबाईंनी वही उचलली. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "थांब. द्यायच्या आधी एक पान लिहायचंय." त्यांनी वही परत ओढून घेतली, टाक काढला, शेवटचं कोरं पान उघडलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "चंपे, परत म्हण. सावकाश. 'समाई'च्या पुढं काय होतं?"

 मी नुसती हुंदके देत होते, आणि हसत होते, आणि ती रशियन बाई, म्हणजे इझोरी बाई, माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

"रडतेस काय? परत म्हण! 'मोंठ'वर टिंब आहे की नाही?"

मी सगळं परत म्हटलं. त्यांनी तारखेसकट लिहून घेतलं. त्याखाली पाहुणीचं गाणंही देवनागरीत लिहिलं, एकेक ओळ चारचारदा म्हणवून घेऊन. मग वही सरलाबाईंपुढं धरली. सरलाबाईंनी ते पान पाहिलं. अध्यक्षबाईच त्या, पण बाई वाईट नव्हती. म्हणाल्या, "मला नको ती रद्दी. मात्र पुढल्या साली जिच्या आईची जी भाषा असेल तिच्यात उखाणा चालेल, असं मंडळाच्या ठरावात लिही. आणि दत्तात्रेयरावांचा तो उखाणा खोडून टाक." आत्याबाईंनी ठराव लिहिला. उखाणा खोडला नाही.

निघताना पाहुणीनं उत्तमरावांकडून विचारलं, ही बाई सगळ्यांचे उखाणे करते, ती स्वतः का नाही पाटावर बसली? बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आत्याबाई हसून म्हणाल्या, "मी कुणाचं नाव घेणार? मला नवरा नाही." पाहुणी म्हणाली, आमच्याकडं तर बायका आईला गातात, बहिणीला गातात, गाईलासुद्धा गातात. "गाय पाळायला जागा कुठंय," आत्याबाई म्हणाल्या आणि तिची ओटी भरली.

तेवढ्यात पावेलसाहेब स्वतः जीप घेऊन आले. लुगडं नेसलेली बायको पाहून ते आधीच अर्धे गार पडले होते. ती पायरीवर उभी राहिली आणि सगळ्या गल्लीसमोर तिनं ते गाणं त्यांना म्हणून दाखवलं, आपल्या भाषेत, मान ताठ करून. तो उंचापुरा माणूस गोंधळून उत्तमरावांकडं वळला आणि काहीतरी पुटपुटला. उत्तमराव कपाळावर हात मारून म्हणाले, "आता हे मला इचारतंय ती काय म्हनली! बायको ह्येची!"

पुढं पावसाळ्यानंतर ती दोघं आपल्या देशात गेली. त्याआधी हौसाबाईंनी सांगितलं की साहेब आता जिना चढताना 'यूक्स, काक्स, कोल्त' करतात आणि चारावर अडखळतात. पण पुढचा आकडा कुठला, हे तिला विचारणारं आता घरात कुणी होतं. अलीकडं माझ्या नातीनं मोबाइलवर शोधून सांगितलं, त्या भाषेला इंग्रियनही म्हणतात, आणि ती बोलणारे आता शंभरसुद्धा नाहीत. मी वहीतलं ते पान काढून तिला वाचून दाखवलं. माझ्या उच्चारांवर ती इझोरी बाई काय म्हणाली असती कुणास ठाऊक, पण मोठ्यानं वाचलं.

आणि पुढला चैत्र राहिला की सांगायचा. नव्या ठरावाचं पहिलं हळदीकुंकू. गर्दी इतकी की पन्हं दोनदा करावं लागलं. एका घरची कानपूरची सून आपल्या बोलीत म्हणाली, एक पंजाबीत म्हणाली, हौसाबाईंनी नऊ ओळींचा सातारी उखाणा घेऊन सगळ्यांना गारद केलं. मराठी उखाणे त्या वर्षी सगळ्यांत जास्त झाले. आता सक्ती नव्हती ना, मग पोरी स्वतःहून वही मागायला आल्या होत्या.

शेवटी सगळ्या उठायला लागल्या तशा आत्याबाई म्हणाल्या, "बसा जरा." आणि त्रेपन्न वर्षांची ती बाई, जन्मात कधी त्या पाटावर न बसलेली, पदर खोचून पाटावर बसली. सरलाबाईंचं तोंड उघडंच पडलं. आत्याबाईंचे पाय लटपटत होते, मी पाहिले ना! हातात चिठ्ठी होती.

"म्हारी..." त्यांनी सुरुवात केली.

"मोरी," मी म्हटलं.

"हां, मोरी. गप्प बस.

मोरी वही में पन्ना कोरौ, कोऊ हतो नाही..."

"'नईंयाँ' म्हणा आत्याबाई, 'नाही' नाही. परत."

बायका फसकन हसल्या. आत्याबाईंनी माझ्याकडं डोळे वटारले, चिठ्ठी टाकून दिली, घसा खाकरला आणि सगळं परत पहिल्यापासून म्हटलं:

"मोरी वही कौ पन्ना कोरौ, मोरौ कोऊ नईंयाँ,
ऐसी मैं कैत रई, जीभ रई कसाई;
जे चैत में नाँव लेत, सुन लो सब बाई,
चंपा कौ नाँव लेत मैं, मोरी चंपा आई!"

वहीचं पान कोरं, माझं कुणी नाही, असं म्हणत आले, जीभच कसाई; पण ह्या चैत्रात नाव घेते ते माझ्या चंपाचं. पहिल्या ओळीचं यमक नीट जुळलं नव्हतं. आत्याबाईंच्या आयुष्यातला तो एकच उखाणा असेल ज्याचं यमक जुळलं नाही. मी त्यांना तसं सांगणार होते.  पण मी पुढं होऊन त्यांच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि त्या म्हणाल्या, "रडतेस काय चंपे? चुकलं कुठं ते सांग!"